फॉरमॅट उडवा

सोमवार, ४ जून

फुकटात उत्तरं देणाऱ्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो!

आपलं दुःख एक आहे, आणि ते आपण आजवर फार सभ्यपणे गिळलं. लोक येतात. दार वाजवत नाहीत, नाव सांगत नाहीत, बैठकीच्या मधोमध उभे राहून ओरडतात, 'चालत नाहीये! अर्जंट!' काय चालत नाही? सांगत नाहीत. कालपर्यंत चालत होतं का? त्यावर एक रडका पिवळा चेहरा. म्हणजे वैद्याने दाराबाहेरचं 'आई गं' ऐकायचं आणि पुडी बांधायची! ढोपर फुटलंय की डोकं, ते ओळखायचं आपण. पुडी लागू पडली नाही की शिव्या खायच्या, त्याही आपणच. पुरे झालं!

इथवर लिहिलं आणि नवरा मागून डोकावून गेला.

"दैनंदिनीत भाषण? ऐकणार कोण?"

"इतिहास."

"त्याला सांग, तुझा चहा गार होतोय."

हा माणूस मोटार शिकवण्याचा वर्ग चालवतो. दिवसभर शिकाऊ लोकांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसतो, त्यामुळे आता कशालाच घाबरत नाही. मलासुद्धा.

तर निर्णय. मी पोटासाठी छापखान्यात पानं लावते आणि आत्म्यासाठी इंटरनेटवर 'अक्षरकट्टा' चालवते. कॉम्प्युटरवर मराठी उमटवताना ज्यांचं घोडं अडतं, ते तिथे येऊन विचारतात. आजपासून प्रत्येक विचारणाऱ्याच्या नावापुढे त्याची पायरी दिसेल: पाटी, पेन्सिल किंवा शाई. पाटी म्हणजे कोरा. पेन्सिल म्हणजे लिहितो, पण खोडावं लागतं. शाई म्हणजे जाणकार. पायरी मी ठरवणार, आणि ती प्रश्नाच्या भाषेवरून. माणूस कुठले शब्द वापरतो त्यावरून त्याचं पाणी जोखता येतं. छापखान्याच्या दारात कामगारांपुढे भाषणं ठोकताना मी दुसरं काय करते? गर्दीवर एक नजर टाकली की कळतं, कुठल्या सुरात बोलायचं.

कट्टा सांभाळायला माझ्या जोडीला खिळेकाका आहेत. शिशाचे खिळे एकेक उचलून पानं जुळवायचे, त्या काळापासूनचे आमच्या छापखान्याचे जुळारी, आता निवृत्त. ते फोनवर म्हणाले, "अगं, 'पाटी' म्हणवून घ्यायला कोणाला आवडेल?"

"सत्य आहे ते, काका."

"सत्य कपाळावर चिकटवलं की माणूस टोपी घालतो."

म्हातारपणी माणसाला म्हणी सुचतात. कामं सुचत नाहीत.

गुरुवार, ७ जून

पहिली अस्सल पाटी सापडली! नाव घेतलंय 'सूनबाई'. प्रश्न जसाच्या तसा उतरवून ठेवते; असे नमुने पुढच्या पिढीला दाखवायला हवेत.

'मॅडम, नमस्कार. सासूबाई मला जे टोमणे मारायच्या ते मी लग्नापासून लिहून ठेवले आहेत. आधी रागाने लिहायचे, मग मजा वाटायला लागली. गेल्या हिवाळ्यात त्यांना झटका आला आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणतात दुसरा कधीही येईल. त्याच्या आत हे सगळं छापून त्यांच्या हातात द्यायचं आहे. वाचता येतं त्यांना अजून. पण दिरांनी नवा डबा आणून दिला, त्यात फाईल उघडली तर सगळ्या टोमण्यांची चिनी झाली. जुना डबा भंगारात गेला. काय करू? आपली कृपा असू द्या.'

डबा! कॉम्प्युटरला डबा! आणि चिनी म्हणे. जुना फॉण्ट नसला की मराठीच्या जागी डोक्यावर टिकल्या लावलेली रोमन अक्षरं दिसतात, एवढी साधी गोष्ट. मी लिहिलं:

'ती चिनी नाही. चिनी निदान चिन्यांना तरी वाचता येते. जुना फॉण्ट नव्या मशीनवर नाही, एवढंच. तो इन्स्टॉल करा, नाहीतर कन्व्हर्टर वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणा. आणि 'डबा' हा शब्द स्वयंपाकघरात ठेवून या.'

कट्टाभर हशा पिकला. एकाने लिहिलं, 'टोमणे डब्यात भरले तर नासणारच.' मीही हसले. हसण्यासारखंच होतं.

सूनबाईचं उत्तर आलं: 'कळलं मॅडम. धन्यवाद.'

म्हणजे प्रकरण मिटलं. नीट सांगितलं की पाटीलाही कळतं.

शुक्रवार, ८ जून

छोटी नोंद. नवरा मला गाडी शिकवतोय. क्लच कसा सोडायचा ते त्याने समजावलं. मी म्हटलं, "कळलं, कळलं." त्यानंतर शेजारच्या दंतवैद्याची कुंडी फुटली. कुंडी नको तिथे ठेवली होती.

नवरा म्हणाला, "'मला येत नाही' म्हणणाऱ्याच्या शेजारी मी आरामात बसतो. 'कळलं, कळलं' म्हणणारा आला की माझा पाय ब्रेकवर असतो."

"मग आज का नव्हता?"

"बायको आहेस. ठेवला असता तर बोलली असतीस."

मंगळवार, १२ जून

विजय! कट्ट्यावरच्या पाट्या संपल्या. 'चालत नाही, अर्जंट' म्हणणारं एकही माणूस उरलेलं नाही. जो येतो तो 'एनकोडिंग' म्हणतो, 'रेंडरिंग' म्हणतो, 'कॅशे' म्हणतो. एकाने तर विचारलं, 'माझ्या वेलांटीचं एनकोडिंग रॅममध्ये अडकलं असेल का?' अर्थ लागला नाही, पण आत्मविश्वास पाहून पेन्सिल दिली. समाज असा घडतो! गोंजारून कोणी शहाणं झाल्याचं मी कुठल्याही इतिहासात वाचलेलं नाही.

खिळेकाका म्हणाले, "प्रश्न निम्म्यावर आलेत गं."

"अर्थात. निम्मे लोक शहाणे झाले."

"की गप्प झाले?"

या वयात माणूस कुरकुरतो. ते असो. आज जे घडलं त्यासाठी मी हा कट्टा काढला होता. 'फॉण्टसम्राट' नावाच्या एका नव्या सभासदाचा प्रश्न:

'महोदया, एका ज्येष्ठ स्त्रीच्या वचनांचा संग्रह प्रकाशित करावयाचा आहे. मजकूर लेगसी फॉण्टमध्ये असून नव्या मशीनवर सदर फॉण्ट अनुपलब्ध. युनिकोड कन्व्हर्टर वापरला असता अर्धवट रूपांतर होते. मार्गदर्शन व्हावे. आपली कृपा असू द्या.'

वाचून मी खुर्चीतून उठले. लेगसी! अनुपलब्ध! एक शब्द वाया नाही. काही वाक्यं तर माझ्या जुन्या उत्तरांतून उचलल्यासारखी. मोठी माणसं सारखाच विचार करतात. कोणी व्यासंगी गृहस्थ असणार. नाकावर चष्मा, पाठीमागे पुस्तकांची भिंत. शाई दिली. ताबडतोब दिली.

शुक्रवार, १५ जून

सम्राटांना विचारलं, मजकुरात ठळक, तिरपं, रंगीत असं काही आहे का? उत्तर आज आलं: 'होय. विशेष जिव्हारी लागलेली वचने लाल रंगात आहेत.'

जिव्हारी लागलेली वचनं! वचन नुसतं वाचणारे पुष्कळ. त्याने घायाळ होणारा रसिक विरळा.

रोग मात्र लगेच कळला. जुन्या फॉण्टची अक्षरं सगळीकडे उमटणाऱ्या युनिकोडमध्ये आणणारे हे कन्व्हर्टर सजावटीपाशी अडखळतात. लाल तुकडा आला, ठळक तुकडा आला की यांची गाडी रुळावरून खाली. आमच्या छापखान्यात यावर दोन शब्दांत इलाज सांगतात: फॉरमॅट उडव. सगळा मजकूर निवडायचा, सजावट पुसायची, अक्षरं साधी करायची. मी लिहिलं:

'फॉरमॅट उडवा, मग कन्व्हर्ट करा.'

बस्स. जाणत्याने जाणत्याशी असंच बोलावं.

खिळेकाकांचा लगेच फोन. "कशाचा फॉरमॅट, कुठलं बटण, एवढं तरी लिही."

"काका, सम्राटाला बाराखडी शिकवायची? अपमान होईल."

"त्याचा की तुझा?"

मी फोन ठेवला. सम्राटांचं उत्तर तोवर आलं होतं: 'समजले. सीपीयू आजच घेऊन जातो.'

कुठे घेऊन जातो? असेल. संस्थेची प्रयोगशाळा वगैरे असेल.

मंगळवार, १९ जून

सम्राट गप्प आहेत. कामात असतील.

दुपारच्या सुट्टीत छापखान्याच्या दारात बोलले. विषय: मोठं यंत्र बाईच्या हाती द्यायला मालकांचा हात का थरथरतो? आवाज असा लागला की पलीकडच्या दुकानातले लोक बाहेर आले. मालक आत बसून कान टवकारून ऐकत होते आणि न ऐकल्यासारखं दाखवत होते.

घरी येऊन सम्राटांना कट्ट्याचं सहसंचालक करण्याचा प्रस्ताव लिहिला. 'अशा कर्तबगार पुरुषाचा लाभ कट्ट्याला होणं...' नवऱ्याला वाचून दाखवला.

"पुरुष कशावरून?" त्याने विचारलं.

"भाषा बघ ना. लेगसी. अनुपलब्ध. सदर."

"हं," म्हणाला आणि दाढी करायला गेला. याला विषयाची गोडीच नाही.

बुधवार, २० जून

आज सकाळी कट्ट्यावर आलेला मजकूर इथे डकवते. काही बोलत नाही.

'मॅडम, मी सूनबाई. सम्राटही मीच. पहिल्यांदा आले तेव्हा सगळे हसले. म्हणून तुमची जुनी उत्तरं वाचून शब्द गोळा केले आणि दुसऱ्या नावाने आले. फॉरमॅट कसा उडवतात ते मला कळलं नव्हतं. पण सम्राट होऊन बसल्यावर विचारणार कसं? डबा पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडे नेला आणि म्हटलं, फॉरमॅट उडवायचाय. त्याने उडवला. आता डब्यात काहीच नाही. चिनीसुद्धा नाही.'

काही बोलत नाही म्हटलं खरं, पण राहवत नाही. मी आधी टाइप केलं, 'एकाच व्यक्तीने दोन खाती उघडणं कट्ट्याच्या नियमात बसत नाही.' मग ते पुसलं. बरं केलं पुसलं.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याच्या बोलीत फॉरमॅट मारणं, उडवणं म्हणजे अख्खी डिस्क धुऊन काढणं. पानं लावणाऱ्याच्या बोलीत सजावट पुसणं. शब्द एकच, आमच्या हातात तो कंगवा, त्यांच्या हातात वस्तरा.

नवऱ्याला म्हटलं, "त्या दुकानदाराला फाडून खाल्लं पाहिजे."

"त्याने काय केलं? तुझे दोन्ही शब्द तंतोतंत पाळले."

सूनबाईला लिहिलं, 'डब्याला हात लावू नका. चालू करू नका, काही टाकू नका. पत्ता द्या.' डबाच लिहिलं. दुसरा शब्द सुचला नाही.

गुरुवार, २१ जून

छापखान्यातून सुट्टी घेतली. ती याच गावात राहते, पार दुसऱ्या टोकाला. पडदे शिवते. नाकावर चष्मा होता. पुस्तकांच्या भिंतीच्या जागी पडद्याच्या कापडाचे गठ्ठे होते, छतापर्यंत.

आम्ही दोघी दुकानात गेलो. मी रस्ताभर वाक्यं परजत होते.

"मी विचारलं होतं," दुकानदाराने आम्हाला बघताच हात वर केले. "म्हटलं, सगळं उडेल, चालेल का? बाई म्हणाल्या, तेच तर हवंय!"

"मला वाटलं, सगळं लाल-ठळक उडेल," ती म्हणाली.

"बॅकअप घेतलाय का विचारलं. म्हणाल्या, हो."

मी तिच्याकडे पाहिलं.

"बॅकअप म्हणजे काय ते विचारणार होते," ती म्हणाली, "पण हे इतक्या झटक्यात बोलले की वाटलं, हे सगळ्यांना माहीतच असतं."

"अहो, तुम्ही आत आलात आणि म्हणालात, 'लेगसी फॉण्ट आहे, फॉरमॅट उडवायचाय'! मला वाटलं, बाई लाईनमधल्या. लाईनमधल्या माणसाला खोदून विचारलं की त्याचा अपमान होतो."

त्याला झापायला मी तोंड उघडलं होतं. ते मिटलं. आपलंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून फार बावळट ऐकू येतं.

त्याने डबा ठेवून घेतला. पुसलेल्या डिस्कवर नवीन काही लिहिलं गेलं नसेल तर खालचं थोडंफार उचलता येतं, म्हणाला. किती, ते देव जाणे.

परतताना ती बसथांब्यापर्यंत आली. म्हणाली, "मॅडम, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. चूक माझीच."

बाई मला धीर देत होती! मी तिला ताई म्हणायला सांगितलं. आणखी काय करणार होते?

रविवार, २४ जून

दुकानदाराचा सकाळीच फोन. "आलं वर थोडं. पण काही उपयोग नाही, सगळा कचरा आहे. काढून टाकू?"

मी फोनवर असा आवाज काढला की नवऱ्याचा पाय घरात बसल्या बसल्या ब्रेककडे गेला.

सूनबाईला घेऊन तिकडे पोचले तर पडद्यावर ओळीच्या ओळी, डोक्यावर टिकल्या लावलेली रोमन अक्षरं. त्या माणसाच्या लेखी कचरा. मी छापखान्यातून जुना फॉण्ट आणला होता. तो टाकला, ओळ निवडली, फॉण्ट लावला, आणि त्या कचऱ्यातून म्हातारी बोलली:

'मीठ घातलंयस, की मिठाला नुसतं आमंत्रण दिलंयस?'

दुकानदार मोठ्याने हसला आणि एकदम थांबला. "आमची आई," म्हणाला आणि त्याने पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

मग पुढची. 'सावकाश गं, घाई केलीस तर काम होऊन बसायचं.' आणि तिच्याखाली: 'झोप झाली का, की थोडी दुपारसाठी शिल्लक ठेवलीस?' सूनबाई पदराने डोळे पुसत होती आणि हसत होती. ही रड आहे की हसू, ते मला ठरवता आलं नाही. माणसं जोखण्यात मी पटाईत, असं मीच लिहिलंय कुठेतरी.

निम्मं आलं. निम्मं गेलं. गेलेल्यात लाल बहुतेक सगळी.

मंगळवार, २६ जून

त्यांच्या घरी. डबाही परत आलाय. सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत. उजवा हात मांडीवर निपचित, डोळे मात्र सुरीसारखे. मी नमस्कार केला तर त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. शब्द येत असते तर माझं काही खरं नव्हतं.

मी सूनबाईला सगळं समजावून सांगितलं. जुन्या फॉण्टचा इतिहास, युनिकोड का आलं, सजावट का अडते, कन्व्हर्टरमध्ये काय होतं. सुंदर सांगितलं. खोटं कशाला बोलू, मध्ये दोनदा माझा मलाच हेवा वाटला.

"कळलं, ताई," ती म्हणाली.

मी पिशवी उचलली. दारापर्यंत गेले. आणि कशी कोण जाणे, परत फिरले. म्हटलं, "आता मी गेल्यावर पहिलं काय करणार, ते सांग बघू. तुझ्या शब्दांत."

तिने पडद्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आधी... ही नवी फाईल ठेवून देणार. मग जुनी उडवणार. नवी आली ना आता."

नवी फाईल रूपांतरासाठी नुसती उघडलेली, रिकामी होती! जुन्या मजकुराची दुसरी प्रत अजून कुठेही नव्हती!

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच वाटत होतं की कळलंय. मीही तेच समजून दारापर्यंत पोचले होते. इतकं सुंदर बोलून मी त्या घरात जे ठेवून चालले होते, त्याने उरलेली म्हातारीही उडाली असती.

खाली बसले. आधी फाईलच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवल्या. मग माउस तिच्या हातात दिला आणि मी माझे हात मांडीखाली दाबून बसले. सांगायचं काही नाही, फक्त विचारायचं: आता काय करणार? ती चुकीचं म्हणाली की, का? ती बरोबर म्हणाली तरी, का? अख्खी दुपार गेली. इतका वेळ गप्प राहण्याची माझी ही पहिलीच वेळ असावी. घसा दुखतोय. न बोलून घसा दुखतो, हे कोणत्याही ग्रंथात लिहिलेलं नाही.

गुरुवार, २८ जून

ही युक्ती कट्ट्यावर करून पाहिली. वेलांटीचं एनकोडिंग रॅममध्ये अडकलेल्या त्या गृहस्थांना विचारलं, 'आता पहिलं बोट कुठल्या बटणावर ठेवणार, तेवढं सांगा.'

उत्तर: 'बटण कुठून आणू? कॉम्प्युटर मी अजून घेतलेला नाही. आधी माहिती काढतोय.'

याला मी पेन्सिल दिली होती!

संध्याकाळी सगळ्या पायऱ्या काढून टाकल्या. खिळेकाकांना कळवलं. वाटलं, 'मी म्हटलं होतं' असं म्हणतील आणि मी भांडेन. ते म्हणाले, "बरं झालं. मला स्वतःला काही विचारायचं होतं, पण पाटी लागेल म्हणून थांबलो होतो."

मंगळवार, ३ जुलै

गेलेले टोमणे गोळा करण्याची मोहीम. सूनबाईने निरोप धाडले आणि ज्याला ज्याला सासूबाईंची जीभ लागली होती तो तो आपापली जखम घेऊन हजर झाला. नणंदेने फोनवर आपला वाटा सांगितला. सांगता सांगता पुन्हा चिडली. दिरांनी त्यांचं लग्न ठरलं त्या दिवशीचा सांगितला, जावेने 'खोटं, तो मला मारला होता' म्हणून मालकी सांगितली. नळ दुरुस्त करणारा येऊन म्हणाला, "मला म्हणाल्या होत्या, तू येऊन गेलास की पाणी तुझ्या आठवणीने रडत बसतं." एवढं बोलून खूश होऊन गेला. खुद्द सूनबाईचा नवरा म्हणाला, "मला कधीच काही बोलली नाही." यावर सगळे इतके हसले की तो उठून चहा करायला गेला.

सासूबाई ऐकत होत्या. ओठांचा एकच कोपरा हलत होता.

त्या क्षणी माझ्यातला वक्ता जागा झाला. मी उभी राहिले. म्हटलं, मित्रहो, हे नुसते टोमणे नाहीत! ज्या घरात बाईला मोठ्याने बोलायची सोय नव्हती, त्या घरात तिने भाषेला धार लावून ती भाजीच्या सुरीसारखी वापरली! ही दडपलेल्या वाणीची...

"हि... हिचं..."

खुर्चीतून आवाज आला. सगळे थिजले. सूनबाई गुडघ्यांवर बसली. म्हातारी घामाघूम होऊन, एकेक अक्षर ओढून काढत, माझ्याकडे बोट करत होती.

"हिचं... ब-टण... कुठं... य?"

मग सूनबाई हुंदका देऊन हसली आणि कॉम्प्युटरकडे धावली. फाईल उघडताना थांबून माझ्याकडे वळली. "ताई, हा लाल करू?"

"कर," मी म्हटलं आणि खाली बसले.

रविवार, ८ जुलै

काल पुस्तक सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं. आमच्याच छापखान्यात छापलं. मालकांनी पहिलं पान चाळलं आणि मोठं यंत्र मला चालवू दिलं. टोमण्यांना घाबरले असावेत. सासूबाई डाव्या हाताचं बोट ओळींखालून फिरवत वाचत होत्या. एखाद्या ठिकाणी बोट थांबे, त्या सुनेकडे बघत, आणि सून म्हणे, "हो, आठवतंय. माझ्या वाढदिवसाला."

मध्ये काही पानं कोरी आहेत. सूनबाईने मुद्दाम ठेवली. जे परत आले नाहीत, त्यांची जागा. सासूबाईंनी कोऱ्या पानावर बोट फिरवलं, उलटून पाहिलं, पुन्हा बोट फिरवलं. डोळे वर करून सुनेकडे पाहिलं. काय लिहिलं होतं इथे? सुनेला ते आठवत नव्हतं. त्यांनाही नसावं आठवत. त्या दोघींनी मिळून जे कमावलं होतं, ते आता कुणाकडेच नाही.

बंधूंनो आणि भगिनींनो, ती पानं मी कोरी केली. दोन शब्दांत केली, दोन्ही शब्द अचूक होते. मी तिला पाटी म्हणून हसले तेव्हाही तिला जोखलं नव्हतं, शाई म्हणून सलाम केला तेव्हाही नाही. तिचे शब्द तेवढे ऐकले. शब्द उसने मिळतात, विशेषतः आपल्याकडूनच.

तेव्हा उठा! या क्षणी आपापला कट्टा उघडा. तुम्ही दिलेलं शेवटचं उत्तर शोधा, ज्याच्याखाली कोणीतरी 'कळलं, धन्यवाद' लिहून निघून गेलंय. त्या माणसाला परत हाक मारा आणि एकच ओळ लिहा: 'आता पहिलं काय करणार, ते तुमच्या शब्दांत मला सांगा.'

आणि त्याचं उत्तर येईपर्यंत गप्प बसा.